दोन औंस मातीची गोष्ट : वर्गातील मातीविना बाग

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या शाळेच्या आवारात एखादे वडाचे, पिंपळाचे किंवा कडुलिंबाचे झाड असेलच. त्याचे खोड, फांद्या आणि पाने यांचे वजन केले तर ते कित्येक टन भरेल. एवढे वजन आले कोठून? तुमच्यापैकी बरेच जण चटकन म्हणतील, "मातीतून!" पण मग त्या झाडाच्या बुंध्याशी तेवढाच मोठा खड्डा का पडला नाही?

हाच प्रश्न सतराव्या शतकात ब्रुसेल्सच्या व्हान हेल्माँट नावाच्या वैद्याला पडला. त्याने एका कुंडीत कोरडी केलेली २०० पौंड माती भरली आणि तीत ५ पौंड वजनाचे वाळुंजाचे रोप लावले. पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. नंतर झाड उपटून वजन केले, तर ते १६९ पौंडांपेक्षा थोडे अधिक भरले. माती पुन्हा कोरडी करून तोलली, तेव्हा ती अवघी दोन औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम, कमी झाली होती. हा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली प्रसिद्ध झाला.

व्हान हेल्माँटने निष्कर्ष काढला की, झाड केवळ पाण्यापासून बनते. प्रयोग उत्तम होता, निष्कर्ष मात्र अपुरा होता. झाडाच्या सुक्या भागाचे बहुतेक वजन हवेतील कार्बन डायॉक्साइड आणि पाणी यांपासून तयार होते, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. शिवाय त्याने ते दोन औंस नगण्य म्हणून सोडून दिले. आज आपण जी गोष्ट पाहणार आहोत, ती या सोडून दिलेल्या दोन औंसांची आहे.

दोन औंसांचा शोध

१६९९ साली इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्ड याने पुदिन्याची रोपे निरनिराळ्या पाण्यांत वाढवली. पावसाचे पाणी, झऱ्याचे पाणी, थेम्स नदीचे पाणी आणि बागेतील माती कालवलेले पाणी असे प्रकार त्याने घेतले. जे पाणी जितके "अशुद्ध", तितकी पुदिन्याची वाढ अधिक, असे त्याला आढळले. झाडाला नुसते पाणी पुरत नाही, पाण्यात विरघळलेले काहीतरी लागते, हे यावरून स्पष्ट झाले.

ते "काहीतरी" म्हणजे काय, हे कळायला आणखी दीडशे वर्षे जावी लागली. १८६०च्या सुमारास जर्मनीत झाक्स आणि क्नोप या दोन शास्त्रज्ञांनी शुद्ध पाण्यात मोजून-मापून क्षार विरघळवले आणि मातीचा कणही न वापरता झाडे वाढवून दाखवली. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक आणि किंचित लोह एवढी मूलद्रव्ये क्षारांच्या रूपाने मिळाली की झाडाचे काम भागते, असे दिसून आले. मँगॅनीज, जस्त, तांबे, बोरॉन यांसारखी आणखी काही मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणात लागतात, हे पुढे विसाव्या शतकात समजले.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील गेरिक याने १९२९च्या सुमारास हीच रीत प्रयोगशाळेबाहेर काढली आणि मोठ्या टाक्यांत टोमॅटो पिकवले. १९३७ साली त्याने तिच्यासाठी "हायड्रोपोनिक्स" हे नाव प्रचारात आणले. ग्रीक भाषेत "हायड्रो" म्हणजे पाणी आणि "पोनॉस" म्हणजे श्रम. मराठीत आपण "जलशेती" म्हणू. आपल्या देशातही ही रीत जुनीच आहे. शोल्टो डग्लस याने १९४६पासून तेव्हाच्या दार्जिलिंग जिल्ह्यातील कालिंपाँग येथे खडी आणि वाळू भरलेल्या वाफ्यांत क्षार देऊन भाज्या पिकवण्याचे प्रयोग केले. ती पद्धत "बंगाल पद्धत" म्हणून ओळखली जाते.

वीस बाटल्या आणि एक चुकीचे वाक्य

एकदा एका माध्यमिक शाळेतील विज्ञानाच्या बाई मला भेटायला आल्या. त्यांनी नववीच्या वर्गाकडून जलशेतीच्या वीस बाटल्या तयार करून घेतल्या होत्या. तीन आठवड्यांत विसांपैकी एकही रोप धड राहिले नव्हते. बाई म्हणाल्या, "सर, आधी पाने पिवळी पडली. खत कमी पडत असेल म्हणून आम्ही ते दुप्पट केले, तर रोपे दोन दिवसांत माना टाकून बसली. तेवढे रसायन तपासून द्याल का?"

मी शाळेत जाऊन पाहिले. बाटल्या वर्गाच्या मागच्या भिंतीशी, कपाटावर नीट ओळीने मांडलेल्या होत्या. बाटल्या पारदर्शक होत्या आणि पाणी रोज काठोकाठ भरले जात होते. आत हिरवा बुळबुळीत थर धरला होता आणि मुळे तपकिरी पडली होती. रसायनात काहीही दोष नव्हता. पण मला खरी काळजी वाटली ती मुलांच्या वह्या पाहून. बहुतेक वह्यांत निष्कर्ष म्हणून एकच वाक्य होते : "मातीशिवाय झाड जगू शकत नाही."

रोपे मेली याचे फारसे वाईट वाटायला नको, प्रयोगात रोपे मरतातच. पण दीडशे वर्षांपूर्वी सिद्ध झालेली गोष्ट खोटी आहे असे वीस वह्यांत लिहिले गेले आणि ते जन्मभर डोक्यात राहिले, तर ते नुकसान मोठे. म्हणून आम्ही सर्वांनी मिळून मारेकरी शोधायचे ठरवले. ते चार निघाले. चारही जण तुमच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाला परिचित आहेत.

पहिला मारेकरी : अंधार

"पण वर्गात तर लख्ख उजेड आहे!" एक मुलगा म्हणाला. येथेच आपले डोळे आपल्याला फसवतात. प्रकाशाची तीव्रता लक्स या एककात मोजतात. भर दुपारी उघड्यावर ती सुमारे १ लाख लक्स असते. वर्गाच्या मध्यभागी ती बहुधा २०० ते ३०० लक्स एवढीच भरते. म्हणजे बाहेरच्या प्रकाशाचा तीनशेवा भाग! तरीही आपल्याला दोन्हीकडे नीट वाचता येते, कारण डोळ्याची बाहुली लहान-मोठी होते आणि दृष्टिपटलही आपली संवेदनक्षमता बदलते. पानाला अशी सोय नाही. त्याला जेवढे प्रकाशकण मिळतील, तेवढीच साखर ते बनवणार.

झाड दिवसरात्र श्वसनही करते आणि त्यात साखर खर्च होते. एका विशिष्ट उजेडात साखरेची जमा आणि खर्च अगदी बरोबरीचे होतात. त्याहून कमी उजेड असेल, तर झाड साठवलेली पुंजी मोडून खाते. पालक, मेथी, पुदिना यांना वर्गाच्या आतील उजेड परवडत नाही. मनी प्लांट सावलीत राहणारे, काटकसरी झाड असल्यामुळे तेथेही तग धरते.

उपाय सोपा आहे. बाटल्या खिडकीच्या कट्ट्यावर किंवा व्हरांड्याच्या कठड्याशी, पडणार नाहीत अशा बेताने, ठेवाव्यात. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. डिसेंबरअखेर पुण्यात भर मध्यान्हीही तो क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर येतो. म्हणून या दिवसांत दक्षिणेकडील खिडकीतून ऊन आत येते. अशी खिडकी नसेल तर २० वॅटच्या दोन एलईडी नळ्या रोपांच्या शेंड्यापासून एक वीतभर उंचीवर टांगाव्यात आणि रोज १४ तास चालू ठेवाव्यात. वीज किती लागेल? ४० वॅट गुणिले १४ तास म्हणजे ५६० वॅट-तास, अर्थात अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक. नळी छतालाच असू द्यावी असे मात्र म्हणू नका. दिवा दूर गेला की प्रकाश झपाट्याने पातळ होतो. लहान दिव्याचे अंतर दुप्पट केले, तर तीव्रता एक चतुर्थांश होते, हा व्यस्त वर्गाचा नियम तुम्हाला ठाऊक आहेच.

दुसरा मारेकरी : गुदमरणे

मुळेही श्वास घेतात. त्यांना ऑक्सिजन लागतो. एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात मात्र जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच विरघळतो, आणि ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. त्यात भर म्हणजे पाण्यातून ऑक्सिजनचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट मंद असतो. मुळांभोवतीचा साठा संपला की नवा लवकर पोहोचत नाही. काठोकाठ भरलेल्या बाटलीत म्हणूनच मुळे गुदमरतात आणि कुजून तपकिरी होतात.

मत्स्यालयातील हवेचा पंप लावला तर प्रश्न सुटतो. पण पंपावाचूनही सोडवता येतो. हवाई विद्यापीठातील क्रॅट्की यांनी रूढ केलेली पद्धत अशी : सुरुवातीला पाणी मुळांना टेकेल एवढे भरायचे आणि नंतर पातळी खाली जाऊ द्यायची. झाड पाणी पिते, वर दमट हवेची पोकळी तयार होते. त्या पोकळीतील मुळे हवेतून ऑक्सिजन घेतात आणि खालची मुळे पाणी व क्षार शोषतात. रोज काठोकाठ पाणी भरणे ही माया नसून शिक्षा आहे, हे लक्षात ठेवा. पातळी फारच खाली गेली, तर निम्म्यापर्यंतच भरावी.

तिसरा मारेकरी : शेवाळ

क्षार, पाणी आणि प्रकाश एकत्र आले की तेथे शेवाळ आलेच. ते क्षारांत वाटेकरी होते, आणि मेले की कुजताना पाण्यातील ऑक्सिजन संपवते. मुळांना प्रकाशाची काहीच गरज नाही. म्हणून बाटलीला आतून काळा आणि बाहेरून पांढरा असे दोन कागद गुंडाळावेत. काळा कागद प्रकाश अडवतो, पांढरा कागद ऊन परतवतो. नुसता काळा कागद लावला तर तो उष्णता शोषून पाणी तापवील, आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो हे आपण आताच पाहिले. पातळी पाहण्यासाठी बोटभर रुंदीची उभी फट ठेवून तिच्यावर कागदाची झडप लावावी.

चौथा मारेकरी : अति खत

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की त्यांना पाणी सुटते. बाहेरचे द्रावण तीव्र, आतले सौम्य, म्हणून पाणी पेशीतून बाहेर येते. हेच परासरण. बाईंनी खत दुप्पट केले, तेव्हा आधीच दुबळ्या झालेल्या मुळांना पाणी ओढून घेणे आणखी अवघड झाले. पाण्यात उभी असलेली रोपे तहानेने मेली म्हणा ना!

द्रावण असे करा

पुढील कृती क्नोपच्या जुन्या द्रावणावर आधारलेली आहे. दहा लिटर पाण्यासाठी कॅल्शियम नायट्रेट ८ ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट २ ग्रॅम, मोनो पोटॅशियम फॉस्फेट २ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम घ्यावे. हे सर्व क्षार ठिबक सिंचनाची विद्राव्य खते विकणाऱ्या दुकानात मिळतात. तेथे पोटॅशियम नायट्रेटला "१३:०:४५" आणि मोनो पोटॅशियम फॉस्फेटला "०:५२:३४" या आकड्यांनी ओळखतात. याशिवाय १२ टक्के लोह असलेले चिलेटेड लोह ०.२ ग्रॅम लागते. एवढे कमी वजन शाळेच्या तराजूवर नीट होत नाही. म्हणून २ ग्रॅम लोह १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यातले १० मिलिलिटर घ्यावे. उरलेले अंधारात ठेवावे.

प्रत्येक क्षार वेगळ्या पेल्यात विरघळवून मग मोठ्या बादलीतील पाण्यात ओतावा. कॅल्शियम नायट्रेट सर्वांत शेवटी घालावे. ते दाट असताना सल्फेट किंवा फॉस्फेटशी मिसळले, तर पांढरा साका तळाशी बसतो. तो साका म्हणजे झाडाचे वाया गेलेले अन्न. (एका परीक्षानळीत हे मुद्दाम करून पाहायला हरकत नाही.) कोवळ्या रोपांना हे द्रावण निम्मे पाणी घालून द्यावे.

चार मुख्य क्षारांची बेरीज करा : दहा लिटर पाण्यात अवघे चौदा ग्रॅम! व्हान हेल्माँटचे दोन औंस आठवतात ना?

विहिरीचे पाणी जड असेल तर ते उकळून, थंड करून, वरचे निवळ पाणी घ्यावे. उकळल्याने बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा जातो. पण त्याबरोबर विरघळलेली हवाही निघून जाते, म्हणून असे पाणी दोन भांड्यांत चार-पाच वेळा उंचावरून वर-खाली ओतावे. द्रावणाचा पीएच साडेपाच ते साडेसहा असणे चांगले. प्रयोगशाळेतील दर्शक कागदाने तो पाहता येतो.

बाटली आणि रोप

दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली वरच्या तिसऱ्या भागाशी कापा. कापण्याचे काम शिक्षकांनी करावे. वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा खालच्या भागात बसवा. त्यात स्वच्छ धुतलेले विटेचे बारीक तुकडे भरा. खाली सुमारे एक लिटर द्रावण भरा, ते नरसाळ्याच्या तोंडाला जेमतेम टेकले पाहिजे.

रोप म्हणून वुडवर्डचा पुदिनाच घेऊ या. बाजारातील जुडीतून बोटाएवढ्या लांबीच्या ताज्या काड्या निवडा, खालची पाने काढा आणि साध्या पाण्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात. शक्यतो एकाच झाडाच्या काड्या घ्याव्यात. त्या जणू जुळ्या भावंडांसारख्या असतात, त्यामुळे पुढे फरक दिसला तर तो जातीचा नसून परिस्थितीचा आहे असे म्हणता येते.

दोन सावधगिरीच्या सूचना. पहिली, उघड्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. म्हणून नरसाळे आणि बाटली यांच्यामधील फट चिकटपट्टीने बंद करावी. दुसरी, पोटॅशियम नायट्रेट ज्वलनाला मदत करते. ते आणि इतर क्षार शिक्षकांच्या ताब्यात, नाव लिहिलेल्या डब्यांत, कुलपात असावेत. प्रयोगाची पाने खाऊ नयेत.

आता मारेकऱ्यांची परीक्षा

आम्ही त्या वर्गात पंधरा बाटल्या पुन्हा केल्या आणि त्यांचे तीन-तीन बाटल्यांचे पाच संच पाडले. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिल्या संचात सर्व काही योग्य. दुसऱ्यात क्षारांऐवजी नुसते पाणी. तिसऱ्यात पाणी रोज काठोकाठ. चौथ्यातील बाटल्या कपाटावर. पाचव्यातील बाटल्या कागद न गुंडाळलेल्या. प्रत्येक संचात तीन बाटल्या अशासाठी की, एखादे रोप आपल्याच दोषाने मेले तर आपली फसगत होऊ नये.

मुलांनी रोज उंची, पानांची संख्या आणि पाण्याची पातळी लिहिली. दहाव्या दिवशी एक मुलगी धावत आली आणि म्हणाली, "सर, कपाटावरचीच रोपे सर्वांत उंच झाली!" खरोखरच तसे झाले होते. मग उजेड कमी असला की वाढ चांगली होते असे लिहायचे का? मी तिला काडी बोटात धरून पाहायला सांगितले. काडी दोऱ्यासारखी बारीक होती, पाने फिकट आणि एकमेकांपासून लांब होती. ते रोप वाढत नव्हते, प्रकाशाच्या शोधात मान ताणत होते. चार आठवड्यांनी सर्व रोपे सावलीत वाळवून तोलली, तेव्हा कपाटावरची "उंच" रोपे खिडकीतल्यांपेक्षा फारच हलकी भरली. उंची आणि वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तराजूने सांगितले.

पातळीच्या नोंदींचा आणखी एक उपयोग झाला. मध्ये नाताळची आठ दिवस सुट्टी होती. एका रोपाला दिवसाला सरासरी ६० मिलिलिटर पाणी लागत होते. आठ दिवसांचे ४८० मिलिलिटर होतात आणि बाटलीत ७०० शिल्लक होते. म्हणजे कोणालाही शाळेत यावे लागणार नव्हते. साधा गुणाकार, पण त्याने पंधरा रोपांची काळजी मिटली.

पाने पिवळी पडली, तर कोणती ते आधी पाहा. खालची जुनी पाने पिवळी पडत असतील तर बहुधा नायट्रोजन कमी आहे, कारण झाड तो जुन्या पानांतून काढून नव्यांना देऊ शकते. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोह कमी आहे, कारण लोह एकदा पानात बसले की सहसा हलत नाही.

मग माती नकोच का?

असे मात्र समजू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठातीलच होगलंड आणि आर्नन यांनी १९३८ साली स्पष्ट सांगितले होते की, प्रकाश आणि हवामान सारखे असेल, तर सुपीक मातीपेक्षा जलशेतीत उत्पन्न अद्भुत वाढते असे नाही. बाटलीत जे काम तुम्ही रोज पातळी पाहून, पीएच तपासून, क्षार तोलून करता, ते सर्व काम चांगली माती गाजावाजा न करता करते. ती पाणी धरते, कणांमधील पोकळीतून मुळांना हवा देते, क्षार साठवते आणि थोडे थोडे सोडते, मुळांना अंधार देते. चार आठवडे मातीचे काम स्वतः केल्यावर तिची किंमत कळते.

त्या वर्गातील मुलांनी जुन्या वाक्यावर रेघ मारली आणि खाली नवे लिहिले : "झाडाला मातीतून मिळणारे क्षार, पाणी, हवा आणि आधार दुसऱ्या रीतीने दिले, तर ते मातीशिवाय जगते; मात्र प्रकाश कमी पडला, तर काहीही देऊन जगत नाही." वाक्य जरा लांबलचक आहे, पण प्रत्येक शब्दामागे एक बाटली उभी आहे.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, रविवारी पुदिन्याची जुडी आणा. आणि शिक्षकांना एक विनंती : रोप मेले तर ते लगेच फेकून देऊ नका. ते वर्गापुढे ठेवा आणि विचारा, "सांगा पाहू, याला चौघांपैकी कोणी मारले?"